गालीलचा वसंत आणि विणीचा मासा

पुनरुत्थानानंतरच्या ज्या प्रसंगाने योहान आपले शुभवर्तमान संपवितो, त्यावर आजवर असंख्य प्रवचने झाली आहेत. पेत्र मासेमारीला जाण्याचा बेत बोलून दाखवितो, आणखी सहा जण त्याच्याबरोबर होडीत चढतात, सारी रात्र फुकट जाते आणि पहाटे किनाऱ्यावर उभी असलेली अनोळखी व्यक्ती त्यांना होडीच्या उजव्या बाजूस जाळे टाकावयास सांगते. प्रवचनकार बहुधा पेत्राच्या मनाचा ठाव घेऊ पाहतात. तो निराश होऊन जुन्या धंद्याकडे वळला होता काय? की घरच्या चुलीची काळजी त्याला पाण्यावर घेऊन गेली? हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु तो ऋतू कोणता होता आणि त्या ऋतूत सरोवराच्या पोटात काय चालले होते, हे सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांस ते विचारावेसे वाटते. कारण या साध्या चौकशीतून एक नैतिक प्रश्न वर येतो आणि तो गालीलपुरता मर्यादित राहत नाही.

वल्हांडणाचा सण निसान महिन्याच्या पौर्णिमेस येतो. निसान म्हणजे साधारणतः आपला फाल्गुन-चैत्र. मात्र आपला चैत्र आणि गालीलचा चैत्र यांत मोठा फरक आहे. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. त्यामुळे वसंताच्या आरंभी तेथील टेकड्या आपल्या भाद्रपद-आश्विनातल्यासारख्या हिरव्या असतात, ओढे वाहते असतात आणि सरोवर वर्षातील सर्वात भरलेल्या अवस्थेकडे चाललेले असते. हे सरोवर सुमारे २१ किलोमीटर लांब, १३ किलोमीटर रुंद आणि अधिकात अधिक ४३ मीटरांच्या आसपास खोल आहे. त्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीच्या २०० मीटरांहूनही अधिक खाली आहे. अर्नाळ्याचा वा पाचूबंदरचा दर्यावर्दी या गोड्या पाण्याच्या तळ्यास समुद्र म्हणावयास कदाचित राजी होणार नाही. पण भोवतालच्या डोंगरांवरून अचानक उतरणारा वारा एकदा अनुभवला की तोही आपले मत बदलील.

या पाण्यात जो मासा सर्वाधिक नावाजलेला आहे त्यास अरबी भाषेत ‘मुश्त’ म्हणतात. मुश्त म्हणजे कंगवा. त्याच्या पाठीवरचा पर कंगव्यासारखा उभा असतो. यात्रेकरूंच्या ताटात तो ‘संत पेत्राचा मासा’ या नावाने येतो. आपल्याकडे उजनीच्या जलाशयात उदंड सापडणारी चिलापी ही याच्याच कुळातली. तिची एक जात १९५२ साली बाहेरून भारतात आणली गेली. मत्तयाच्या शुभवर्तमानात ज्या माशाच्या तोंडात पेत्राला नाणे सापडले तो हाच, अशी लोकसमजूत आहे. गालीलच्या काठी आयुष्य घालविलेले कोळी-संशोधक मेंडेल नून यांनी ती खोडून काढली होती. मुश्त पाण्यातील सूक्ष्म शेवाळावर जगतो, तो गळाला लागत नाही. पेत्राने तर गळ टाकला होता, तेव्हा तो मासा निराळा असावा, असा त्यांचा साधा युक्तिवाद. तीर्थक्षेत्रातील खानावळी मात्र पंडितांचे ऐकत नसतात.

मुश्तची खरी नवलाई त्याच्या तोंडातच आहे, पण ती नाण्याची नव्हे. हिवाळ्यात पाणी गार झाले की हे मासे मोठमोठ्या थव्यांनी सरोवराच्या उत्तर टोकाला जमतात. तेथे तबगा नावाची जागा आहे. ‘सात झरे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाचा हा अपभ्रंश. तेथील ऊन पाण्याचे झरे सरोवरात मिसळतात आणि माशांना ती ऊब हवी असते. वसंत आला, पाणी तापू लागले की थवे फुटतात. नर-मादीच्या जोड्या उथळ पाण्यात काठाजवळ येतात, तळाशी खळगे करतात आणि मादी त्यात अंडी घालते. त्यानंतर आई-बाप दोघेही ती अंडी आपापल्या तोंडात घेतात. अंडी फुटून पिले स्वतंत्रपणे पोहू लागेपर्यंत, म्हणजे सुमारे दोन आठवडे, तोंड हेच त्यांचे घर. त्या अवधीत आई-बापाचे खाणे जवळजवळ थांबलेलेच असते.

आता कोळ्याच्या नजरेने पाहा. जो मासा इतर वेळी विस्तीर्ण पाण्यात कोठेही असू शकतो, तो हिवाळ्याच्या अखेरीस आणि वसंताच्या प्रारंभी ठरावीक जागी, काठाजवळ, मोठ्या संख्येने भेटतो. शोधाचे श्रम वाचतात. होडी फार दूर न्यावी लागत नाही. तबग्याच्या किनाऱ्यावर शतकानुशतके कोळ्यांची वस्ती आणि वावर राहिला तो याच कारणाने. योहानाच्या प्रसंगातील मासे कोणत्या जातीचे होते, हे तो सांगत नाही; परंतु परंपरेने तो प्रसंग ज्या किनाऱ्याशी जोडला, तो हाच. फ्रान्सिस्कन बंधूंनी १९३३ साली बांधलेले पेत्राच्या अग्रपदाचे छोटे काळ्या दगडाचे मंदिर तेथे पाण्यालगत उभे आहे. पोप सहावे पॉल १९६४च्या जानेवारीत तेथे गुडघे टेकून गेले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईस आले, हे आमच्या ज्येष्ठ वाचकांस स्मरत असेल.

तर प्रश्न असा. जी वस्तू सहज हाती येते, ती आपल्याला दिलेली आहे असे समजावे काय? आणि जर ती सहज हाती येण्याचे कारण हेच असेल की ती आपल्या संततीसाठी स्वतःला उघडे टाकते आहे, तर?

प्राचीन कोळ्यास हा प्रश्न पडला नसावा आणि त्याबद्दल त्यास बोल लावता येत नाही. त्याची साधनेच त्याला मर्यादा घालीत होती. जाळी जवसाच्या धाग्याची असत. दिवसा ती माशांना दिसत, म्हणून रात्री जागावे लागे. सकाळी ती धुऊन वाळविली नाहीत तर कुजत. लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू किनाऱ्यावर येतो तेव्हा कोळी जाळी धूत असतात, हे वर्णन हौसेने घातलेले नाही. १९८६ साली दुष्काळाने सरोवराचे पाणी ओसरले असता गिनोसर येथील दोघा भावांना चिखलात एक जुनी होडी सापडली. सुमारे आठ मीटर लांब, सव्वादोन मीटर रुंद. तज्ज्ञांनी तिचा काळ इसवी सनापूर्वीचे पहिले शतक ते इसवी सनाचे पहिले शतक असा ठरविला. तिच्यात दहाहून अधिक प्रकारची लाकडे आढळली. जुन्या होड्यांच्या फळ्या काढून बसविलेल्या, ठिगळावर ठिगळ लावलेले. चांगले लाकूड विकत घेणे ज्याला परवडत नव्हते अशा माणसाने ती वर्षानुवर्षे दुरुस्त करून वापरलेली असावी. अशा होडीने आणि अशा जाळ्याने सरोवर रिकामे होत नसते. मग्दल्याला मासे खारवून दूरच्या बाजारात पाठविण्याचा मोठा धंदा होता, असे इतिहासकार सांगतात. म्हणजे लोभाला वाव होता. तरीही माशाच्या बाजूने कोळ्याचे दारिद्र्यच उभे होते.

त्या काळी सरोवराला नियमही होते. तालमूदमधील बावा कम्मा या भागात एक जुनी परंपरा नोंदविली आहे. यहोशवाने देश वाटून देताना ज्या अटी घातल्या, त्यांत एक अशी की तिबिर्यासच्या पाण्यात गळाने मासे धरण्यास सर्वांस मोकळीक असावी. मात्र होड्यांची वाट अडेल असा आडोसा कोणी पाण्यात उभारू नये. किती शहाणपणाची अट आहे ही! परंतु ती माणसाचे माणसापासून रक्षण करते. माशाचे माणसापासून रक्षण करावे लागेल, ही शंका त्या नियमाला शिवलेली नाही.

येथे नीतिशास्त्रातील एक जुना मुद्दा लक्षात घ्यावा लागतो. ज्याला अधिक घेताच येत नाही, त्याने थोडके घेतले तर तो संयमी ठरत नाही. आजाऱ्याचा उपवास हे व्रत नव्हे. ॲरिस्टॉटलपासून संत थॉमस अक्वायनसपर्यंत सर्वांनी सद्‌गुण हा निवडीशी जोडला आहे. हात पोहोचत असताना आखडता घेणे म्हणजे संयम. त्या अर्थाने गालीलच्या सरोवरावर संयमाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उपस्थित झाला तो पेत्राच्या काळी नव्हे, तर विसाव्या शतकात, जेव्हा नायलॉनची जाळी आली, इंजिनाच्या होड्या आल्या आणि माशाला न दिसणारे, न कुजणारे, धुण्या-वाळविण्यासाठी विश्रांती न मागणारे साधन माणसाच्या हाती पडले. पूर्वी जाळे वाळेपर्यंत तरी मासा निर्धास्त असे.

पवित्र शास्त्रात मासेमारीच्या हंगामाविषयी आज्ञा नाही. परंतु अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात पाखराच्या घरट्याविषयी एक लहानसा नियम आहे आणि आमच्या मते तो या प्रश्नाचा गाभा उलगडतो. वाटेने जाताना झाडावर वा जमिनीवर घरटे आढळले, आई पिलांवर वा अंड्यांवर बसलेली असली, तर पिले घेण्यास मुभा आहे, पण आईला सोडून द्यावे. या नियमाला जोडलेले अभिवचन पाहून आश्चर्य वाटते. कल्याण होईल आणि आयुष्य वाढेल, असे ते वचन आहे. आई-वडिलांचा मान राखणाऱ्याला दहा आज्ञांमध्ये दिलेले अभिवचन हेच. एवढ्या थोर आज्ञेचे फळ एका पाखराला सोडण्याच्या कृतीला का मिळावे?

यहुदी भाष्यकारांनी याची दोन प्रकारे उत्तरे दिली आहेत. बाराव्या शतकातील मायमोनिडीझ म्हणतो की हा आईच्या वेदनेचा आदर आहे. पिलांविषयीची माया बुद्धीतून येत नाही, ती पशुपक्ष्यांतही असते. तेराव्या शतकातील नाखमनिडीझ निराळे कारण देतो: खाण्यासाठी एखादा जीव मारण्याची परवानगी आहे, परंतु आई आणि पिले एकाच वेळी घेणे म्हणजे त्या जातीचे मूळच उपटल्यासारखे आहे आणि तशी परवानगी कोणास नाही. पहिला करुणेच्या बाजूने बोलतो, दुसरा सृष्टीच्या व्यवस्थेच्या बाजूने. दोन्ही उत्तरे आम्हांस पटतात. तरीही आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. रानातले पाखरू एरवी माणसाच्या हाती कोठे लागते? माणूस जवळ येताच ते उडून जाते. घरट्यावरची आई उडत नाही. पिले सोडून जाणे तिला जमत नाही म्हणून ती हाती सापडते. तिला पकडणारा माणूस आपले कौशल्य वापरीत नाही, श्रमही करीत नाही. तो तिच्या मातृत्वाचाच फासा करतो. आई-वडिलांचा मान राखण्याच्या आज्ञेशी या नियमाचे नाते असेल तर ते येथे आहे. पालकपणातून येणाऱ्या दुबळेपणाचा कोणी फायदा घेऊ नये, मग ते पालक माणसाचे असोत वा पाखराचे.

तोंडात अंडी धरून उथळ पाण्यात थांबलेला मुश्त आणि घरट्यावर बसलेले पाखरू यांत, या दृष्टीने, आम्हांस भेद दिसत नाही.

यावर एक आक्षेप लगेच येईल आणि तो भाविक वाचकाकडूनच येईल. प्रभूने स्वतःच वसंतात, याच पाण्यात, शिष्यांच्या जाळ्यात एकशे त्रेपन्न मोठे मासे भरले ना? लूकच्या पाचव्या अध्यायात तर जाळी फाटू लागली आणि दोन होड्या बुडण्याच्या बेतात आल्या. मग आपण मर्यादा सांगणारे कोण?

आक्षेप योग्य आहे. पण दोन्ही प्रसंग पुन्हा एकदा सावकाश वाचावेत. लूकच्या प्रसंगात एवढा माल हाती आल्यावर पेत्राला आनंद होत नाही, त्याला भीती वाटते. आपण पापी आहोत, हे त्याला त्या क्षणी जाणवते आणि तो प्रभूला दूर होण्याची विनंती करतो. त्याच्या आयुष्यातील सर्वात मोठी मासेमारी आणि त्याच दिवशी तो होडी किनाऱ्यास लावून सर्व सोडून निघून जातो. जे अपेक्षेबाहेर मिळाले ते त्याने साठविले नाही. योहानाच्या प्रसंगात शिष्य किनाऱ्यावर येतात तेव्हा निखाऱ्यांवर मासळी आधीच भाजली जात असते आणि भाकरही तयार असते. म्हणजे त्या सकाळच्या न्याहारीला जाळ्यातील माशांची गरजच नव्हती. तरी प्रभू त्यांनी धरलेल्यांपैकी काही आणावयास सांगतो. काही, सगळे नव्हेत.

आणि ती संख्या. संत ऑगस्टिन यांनी दाखविले की एकपासून सतरापर्यंतचे आकडे मिळविले की एकशे त्रेपन्न होतात. संत जेरोम यांनी त्या संख्येत माशांच्या सर्व जाती पाहिल्या. या थोर आचार्यांपुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु कोळीवाड्यात लहानाचे मोठे झालेल्या कोणालाही विचारा, कोळी मासे का मोजतात. वाटे घालायचे असतात म्हणून. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसामाणसाचा वाटा. त्या पहाटे होडीत सात जण होते. कोणीतरी, स्वामी समोर उभा असतानाही, ओल्या वाळूवर बसून मासे मोजले. मोजलेली वस्तू वाटली जाते. आपल्या काळातील अति-मासेमारीचे एक लक्षण हे की तिच्यात मोजणे नसते. टनांचे आकडे असतात, वाटे नसतात.

गालीलच्या पाण्याचे पुढे काय झाले, हे सांगितल्याशिवाय हा विषय अर्धाच राहील. मुश्तची जी वार्षिक पकड पूर्वी काही शे टन असे, ती २००८च्या सुमारास दहा टनांच्याही खाली घसरली. २०१० साली इस्रायल सरकारने सरोवरातील मासेमारी दोन वर्षे पूर्णपणे बंद ठेवण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा कोळ्यांनी त्यास जोरदार विरोध केला. दोष कोणाचा, यावर एकमत नव्हते. बारीक आसाची जाळी वापरून पिलेही उपसणाऱ्यांकडे कोणी बोट दाखविले. सरोवराचे पाणी शेतीस आणि शहरांस उपसल्यामुळे पातळी खाली गेली, काठच्या विणीच्या जागा उघड्या पडल्या, असे कोणी म्हणाले. कोळ्यांनी थव्यांनी येणाऱ्या पाणकावळ्यांकडे बोट केले. २०१४ साली शास्त्रज्ञांनी या माशांत एक नवा विषाणू ओळखला. त्यास ‘तिलापिया लेक व्हायरस’ असे नाव मिळाले आणि त्यातील ‘लेक’ म्हणजे आपले हेच सरोवर. नंतर तो अनेक देशांतील मत्स्यशेतीत आढळला.

हे आम्ही मुद्दाम विस्ताराने सांगितले. नीतीविषयी लिहिणाऱ्यास लोभ आणि विनाश अशी सरळ जोडी हवी असते. वास्तव तितके सरळ नसते. जाळे, उपसा, पाखरू, रोग या चारांपैकी कोणाचा किती वाटा, हे ठरविणे तज्ज्ञांचे काम. पण कारण निश्चित होईपर्यंत विणीच्या माशाला हात लावण्यास हरकत नाही, असे कोणी म्हटले तर ते आम्हांस मान्य नाही. घरात आजारी माणूस आहे, दुखणे कशाने आले याचे निदान झालेले नाही. अशा वेळी त्याच्या तोंडचा घास काढून घेणारा, आजार माझ्यामुळे नाही हे सिद्ध करा, असे म्हणू शकत नाही.

आता आपल्या अंगणाकडे येऊ. ठाणे, पालघर, रायगडच्या वाचकांस ‘वलगण’ या शब्दाचा अर्थ सांगावयास नको, इतरांसाठी सांगतो. जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस कोसळला की नद्या-तलावांतील गोड्या पाण्यातील मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतात, ओढ्यांतून थेट भातखाचरांत येतात. त्यांच्या पोटात गाभोळी असते. त्या दिवशी पाग, टोपली, प्रसंगी नुसता हातही पुरतो. साऱ्या गावाला उत्साहाचे उधाण येते. आमच्या पट्ट्यातील कित्येक कुटुंबांच्या आठवणीतील पावसाळा वलगणीनेच सुरू होतो आणि त्या आठवणीत निर्मळ आनंद आहे, हे आम्ही नाकारीत नाही. गालीलचा वसंत आणि आपला मृगाचा पाऊस यांत ऋतूचे अंतर आहे. प्रश्न मात्र शब्दशः तोच. मासा वर चढतो तो पिलांसाठी आणि आपल्या हाती लागतो तोही त्याचमुळे.

समुद्रातील मासेमारीसाठी आपल्या राज्यात १ जून ते ३१ जुलै अशी यांत्रिक नौकांना बंदी असते. नारळी पौर्णिमेपूर्वी होडी न लोटण्याची कोळ्यांची रीत तर त्याहून कितीतरी जुनी. तिच्यामागे खवळलेल्या समुद्राची भीती होती, तसेच विणीचे भान होते. ओढ्याच्या माशाला मात्र असा कोणताही सण राखीत नाही.

येथे एक सावधगिरी घ्यावी लागते. वलगणीचे मासे धरणाऱ्यांत कातकरी आहे, वारली आहे. जूनमध्ये मागचे धान्य सरलेले असते, नवी मजुरी लागलेली नसते. ओढ्याला चढलेला मासा हे त्या घरातले एकमेव कालवण असू शकते. संत थॉमस अक्वायनस स्पष्ट लिहितात की निकडीच्या गरजेत जगाची वस्तू सर्वांची असते, भुकेलेल्याने ती घेतली तर ती चोरी ठरत नाही. मालकीच्या हक्कापुढे जी गरज वरचढ ठरते, ती माशाच्या हंगामापुढेही वरचढ ठरेल, असे आम्ही मानतो. त्या टोपलीकडे बोट दाखवून निसर्गरक्षणाचे प्रवचन करणाऱ्याने आधी आपल्या घरातील धान्याची कोठी पाहावी. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात हेच दाखविले होते: मासळी घटली की पहिला घाव बसतो तो लहान मच्छीमार समाजांवर, ज्यांच्यापाशी दुसरे साधन नसते. म्हणजे तोटा त्यांचा. आणि बंदी आली तर तिचा भारही त्यांच्यावरच. मासे संपविण्यात ज्याचा हात सर्वांत लहान, त्याच्याच ताटावर दोन्ही बाजूंनी घाला.

गालीलच्या कोळ्यांनी २०१० साली जो विरोध केला, त्याला नुसता स्वार्थ म्हणणे आम्हांस म्हणूनच जड जाते. ‘पुढच्या पिढीसाठी थांबा’ असे ज्यास सांगावयाचे, त्याची आजची पिढी दोन वर्षे काय खाईल हे सांगणाऱ्यानेच पाहिले पाहिजे. संयम हा सद्‌गुण खरा; पण त्याचे बिल दुसऱ्याच्या नावे फाडले तर तो सद्‌गुण राहतो काय?

मग हा संयम कोणाचा? आमच्या मते तो प्रथम विकत घेणाऱ्याचा आहे. पागवाला ओढ्यात उभा असतो, पण वलगणीच्या माशाला शहराच्या वेशीवर भाव चढतो तो गाभोळीच्या चवीमुळे. गाडी काढून खास त्यासाठी येणारी, ओढ्याला आडवे जाळे बांधून एकही मासा वर जाऊ न देणारी, काही ठिकाणी तर पाण्यात विषारी भुकटी सोडणारी माणसे भुकेलेली नसतात. बाजारात टोपलीपुढे उभे राहून ‘गाभोळीवाला दे’ असे म्हणणारा आपल्यापैकीच कोणी असतो आणि त्याच्या घरी दुसरे कालवण शिजलेले असते.

आणि उपवासकाळ? वसंताचा आरंभ आणि चाळीस दिवसांचे व्रत हे दोन्ही एकाच वेळी येतात. शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून मासळी. ही सवय युरोपातून साऱ्या ख्रिस्ती जगात पसरली. तिकडे हिवाळा संपताना कित्येक सरोवरांतील आणि नद्यांतील मासे विणीसाठी काठाला लागतात. म्हणजे आपल्या त्यागाचे दिवस आणि माशाच्या विणीचे दिवस एकच. सुरुवातीच्या शतकांत अनेक ठिकाणी उपवासात मासळीही वर्ज्य असे. चौथ्या शतकात संत योहान ख्रिसोस्तम आपल्या श्रोत्यांस बजावीत होते की मासे-पाखरे सोडून भावाला फाडून खाणे हा उपवास नव्हे. पुढे मासळीला सूट मिळाली, ती गरिबाचे साधे अन्न म्हणून. आज वसईच्या बाजारात उपवासकाळातील शुक्रवारी पापलेटचा भाव विचारून पाहावा. त्या दिवशी कोंबडी त्याहून कितीतरी स्वस्त असते आणि वालाची उसळ दोहोंहून. व्रताची अक्षरे पाळली जातात. ताट मात्र रविवारपेक्षा महाग असते.

उपवासकाळातील एखाद्या शुक्रवारी कोळणीकडून मासळी न घेता घरात उसळ शिजविली, तर तिचा त्या दिवसाचा धंदा बुडेल, असेही आम्हांस कोणी सुनावील. हे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेणार नाही. तिच्या टोपलीत हंगामाचा, पुरेशा वाढीचा मासा असेल तर तिच्याकडूनच घ्यावा आणि घासाघीस करू नये. आणि जूनमध्ये तिची टोपली रिकामी असेल, तेव्हा आपल्या गावात तिचे घर कसे चालते, एवढे तरी आपल्याला ठाऊक असावे. आमच्या वाचकांपैकी कितीजणांना ते ठाऊक आहे?